‘चेंबरमध्ये बसली म्हणजे चालते’? नाही चालत भाऊ

नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे: आजोबांची जुनी वेबली (ब्रिटिश रिव्हॉल्व्हर) असेल तर टेन्शन नको, अडतीस बोरची कोणतीही गोळी घ्या, चेंबरमध्ये (गोळी भरायच्या खाचेत) बसली म्हणजे चालते, वरून प्रूफचा (दाबाच्या चाचणीचा) शिक्का आहेच. लायसन्सवाल्यांनीही तो पुढे पाठवला याचं जास्त वाईट वाटलं.

पहिलं म्हणजे अडतीस हे एकच काडतूस नाही. वेबली मार्क ४ अन् एनफिल्ड नंबर २ चं काडतूस ३८ एसअँडडब्ल्यू (स्मिथ अँड वेसन), त्याचीच ब्रिटिश फौजी आवृत्ती ३८/२००. लोक आणतात ३८ स्पेशल. त्याची केस (पितळी नळकांडी) १.१५५ इंच लांब, एसअँडडब्ल्यूची ०.७७५, म्हणून मूळ चेंबरमध्ये ती सहसा पूर्ण जातच नाही, मग कोणीतरी चेंबर आतून कापून देतो अन् खरा घोळ तिथून सुरू होतो. स्पेशलची केस बारीक, त्यामुळे ढिल्या चेंबरमध्ये ती फुगते, कधी फाटते. बुलेटही ०.३५७ इंच, नळीला हवी ०.३६१ च्या आसपास, म्हणजे नेमही गेला. प्रेशरची कमाल मर्यादा एसअँडडब्ल्यूची १४,५०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), स्पेशलची १७,०००.

"बसली म्हणजे चालते" याला सगळ्यात मोठं उत्तर बत्तीस बोर. कानपूरच्या कारखान्याचं रिव्हॉल्व्हर ३२ एसअँडडब्ल्यू लाँग काडतुसाचं, अशनी पिस्तूल ३२ एसीपी या वेगळ्या काडतुसाचं, बोलताना दोन्ही बत्तीसच. एसीपीची गोळी बऱ्याच लाँगच्या चेंबरमध्ये आरामात बसते, पण तिची मर्यादा २०,५०० अन् लाँगची १५,०००! बसली, म्हणून चालवायची का?

४५५ काडतुसाच्या वेबलीचं तसंच. अमेरिकेत सिलिंडर मागून घासून त्यात क्लिप लावून ४५ एसीपी भरत. बसतं, पण ४५५ चं प्रेशर १३,००० च्या आसपास अन् एसीपीचं २१,०००, त्यामुळे असं घासलेलं रिव्हॉल्व्हर हाती आलं तर त्यात एसीपी अजिबात घालू नका.

प्रूफचा शिक्का सांगतो की ते नवं असताना, त्याच्या स्वतःच्या काडतुसासाठी तपासलं होतं. इतक्या वर्षांची झीज, गंज, सिलिंडरचा सैलपणा त्यात कुठे आला?

नळीवर काय लिहिलंय ते वाचा. मार्क ४ वर "३८ १४५/२००" असं कोरलेलं दिसतं, त्यातले १४५ अन् २०० म्हणजे बुलेटचं ग्रेनमधलं (वजनाचं छोटं एकक) वजन. मग लायसन्सवरचा बोर पाहा अन् लायसन्सवाल्या गनस्मिथला दाखवा. योग्य काडतूस मिळालं नाही तर रिव्हॉल्व्हर कपाटात राहू द्या.