चेंडू वर गेला, खाली आला आणि ॲप म्हणालं शून्य

भाची अकरावीत आहे. परवा तिने एक गणित पाठवलं. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, ४ सेकंदांनी तो तितक्याच वेगाने हातात परत आला, तर त्वरण (म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल) किती? खाली तिचं उत्तर : शून्य. कसं काय, विचारलं, तर म्हणे, "मावशी, ॲपने दिलंय." आणि सोबत तो मेसेज. मला तो आधी तीन जणांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता बाजूला टाकला होता. या वेळी वाचावा लागला.

मेसेज सांगतो की फोनमध्ये त्वरण काढणारं कॅल्क्युलेटर ॲप घ्या, सूत्रं पाठ करायचे दिवस संपले. हे ॲप कधीच चुकत नाही आणि कुठल्याही गतीला चालतं. उत्तर ऋण आलं की वस्तू मंदावतेय असं समजायचं. सेन्सर चालू केला तर आकडेही टाकायला नकोत, फोनच तुमचं खरं त्वरण दाखवतो. शेवटी हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेसह विनोद : 'गॅलिलिओकडे हे ॲप असतं तर बिचाऱ्याला गोळे घरंगळवत बसावं लागलं नसतं.'

आधी 'कधीच चुकत नाही' बघू, कारण भाचीला फसवलं ते यानेच. ॲपने केलं काय? शेवटच्या वेगातून सुरुवातीचा वेग वजा केला आणि वेळेने भागलं. १९.६ वजा १९.६ म्हणजे शून्य, भागिले ४, तरी शून्य. भागाकार चोख आहे. भौतिकशास्त्राचा मात्र पार निकाल लागला. फेकताना चेंडूचा वेग वरच्या दिशेने होता, परत येताना खालच्या. वरची दिशा धन धरली तर शेवटचा वेग उणे १९.६ होतो. मग फरक उणे ३९.२, आणि त्याला ४ ने भागलं की उणे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरण. तेच ॲप, तेच रकाने, फक्त एक वजाचं चिन्ह. ते चिन्ह कुठे द्यायचं हे रकाना सांगत नाही. वेगाला दिशा असते, चालीला नसते, पण रोजच्या बोलण्यात आपणही वेग आणि चाल यांत फरक करत नाही (चाल हा शब्द तर आपण गाण्याला नाहीतर बुद्धिबळाला देऊन टाकला आहे), त्यामुळे पोरीला दोष तरी किती द्यायचा?

पण मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. त्वरण शून्य म्हणजे वेग बदलतच नाही. मग तो चेंडू १९.६ च्या वेगाने वर वर जातच राहायला हवा. परत येतोच कसा? गणितातच लिहिलंय की हातात आला! भाचीला एवढंच विचारलं. थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही, मग "अगं, हो की." हे तिला आधीच सुचलं असतं. 'कधीच चुकत नाही' वाचल्यावर उत्तराकडे संशयाने बघायचं ती विसरली. हे नुकसान एका गणिताच्या मार्कांपेक्षा मोठं आहे.

'ऋण म्हणजे मंदावणं' यालाही तोच चेंडू पुरतो. खाली येताना त्याचं त्वरण उणे ९.८ च असतं आणि चाल मात्र वाढत असते. सरळ रेषेतल्या गतीत वेग आणि त्वरण यांच्या दिशा विरुद्ध असतील तरच वस्तू मंदावते. नुसत्या ऋण चिन्हावरून काही कळत नाही.

'कुठल्याही गतीला चालतं'? ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर कोणी एकसारख्या १० मीटर प्रति सेकंद चालीने धावतोय. ॲपमध्ये दोन्ही वेळा १० टाका, शून्य मिळेल. प्रत्यक्षात केंद्राकडे २ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण आहे. पुढे बोलायची गरज नाही.

एककांचं तेच. गाडी थांबलेल्या स्थितीतून ५ सेकंदांत ताशी ७२ किलोमीटरवर आली. एकक न बदलता भागाकार केला तर १४.४ येतात, म्हणजे ही गाडी वरून सोडलेल्या दगडापेक्षा जोरात वेग घेते! ७२ चे २० मीटर प्रति सेकंद केले की खरं उत्तर ४. काही ॲप एकक निवडू देतात, त्यांना या बाबतीत माफ.

आता सेन्सर. फोन टेबलावर ठेवा आणि सेन्सरचा कच्चा आकडा बघा : साधारण ९.८. टेबलावर पडलेला फोन कुठे निघालाय? तोच फोन उशीवर सोडून द्या, पडताना आकडा शून्याजवळ जातो, जेव्हा त्याचं त्वरण खरोखर ९.८ असतं. सेन्सरच्या आत एक अतिसूक्ष्म वस्तुमान स्प्रिंगसारख्या आधारांवर टांगलेलं असतं आणि त्या आधारांवरचा ताण मोजला जातो. मुक्तपणे पडताना ताणच उरत नाही. सेन्सर खोटं बोलत नाही, मेसेज बोलतो. आखेन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांचं 'फायफॉक्स' हे ॲप म्हणूनच गुरुत्वासह आणि गुरुत्वाविना असे दोन वेगळे प्रयोग देतं. तसं ॲप असेल तर फोन ही उत्तम प्रयोगशाळा आहे, हे मान्य.

सूत्रांच्या पाठांतराबद्दल मेसेजचं थोडं बरोबर आहे, नाइलाजाने सांगते. पाठांतराने कोणाला त्वरण कळलेलं नाही.

राहिला गॅलिलिओ. त्याच्या १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात प्रयोगाचं वर्णन आहे. लांब लाकडी तुळईत गुळगुळीत खाच, आत चर्मपत्र चिकटवलेलं, त्यावरून घरंगळणारा कांस्याचा गोळा. भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तोलून वेळ मोजायची. पाव अंतराला निम्मा वेळ लागतो का हे तो बघत होता, आणि शंभर शंभर वेळा करूनही अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात येत राहिलं, असं तो लिहितो. तो भागाकार करत बसला नव्हता. समान वेळात वेग समान वाढतो की नाही, हाच प्रश्न होता. ॲप ज्या एका ओळीवर चालतं (वेगातला फरक भागिले वेळ) ती ओळ अंतिम वेग किंवा अंतर सांगायला वापरायची, तर त्वरण एकसमान आहे हे आधी माहीत हवं. ते तपासायला त्या ॲपमध्ये रकाना नाही. त्यासाठी गोळाच घरंगळवावा लागतो.

ॲप काढून टाक असं मी भाचीला सांगितलं नाही. आकडे टाकण्याआधी कागदावर दिशेचा बाण काढायचा, इतकंच ठरलंय.