‘प्रकाशाचे पाच नियम’ आणि ग्रेडिंगवरची अंधश्रद्धा

‘चित्रपटातला प्रकाश ओळखण्याचे पाच नियम’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या चित्रपटप्रेमींच्या गटांतून फिरतो आहे. एरवी तो वाचून सोडून दिला असता. परंतु पहिल्या लघुपटाची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने त्यावर विसंबून ठरलेले दिवे आणि लाइटमन दोन्ही रद्द केले, तेव्हा गप्प बसणे कठीण झाले. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: चेहऱ्यावर सावली म्हणजे पात्र दुष्ट, भरपूर उजेड म्हणजे आनंद, प्रत्येक रंगाची एक ठरलेली भावना, नैसर्गिक भासणारा प्रकाश म्हणजे दिवे न लावता केलेले चित्रीकरण, आणि पाचवा नियम असा की, डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात सेटवर प्रकाशयोजनेत वेळ घालवणे व्यर्थ आहे, कारण दृश्याचा मूड नंतर कलर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर रंग आणि उजेड बदलण्याच्या कामात, हवा तसा आणता येतो.

हा पाचवा नियम आधी घेतो, कारण खरे नुकसान तोच करतो. ग्रेडिंगमध्ये दृश्य उजळ किंवा काळोखे करता येते, रंगछटा बदलता येते, चौकटीतला एखादा भाग वेगळा काढून मंद करता येतो, हे सारे मान्य. चेहऱ्याचा आकार अंदाजून त्यावर नवा प्रकाश टाकण्याची सोयही अलीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये आली आहे, हेही नाइलाजाने मान्य करतो. परंतु प्रकाश कोणत्या दिशेने आला आणि त्याचा उगम केवढा होता, या दोन गोष्टी चित्रीकरणाच्या क्षणीच प्रतिमेत कोरल्या जातात. चेहऱ्याच्या मानाने उगम लहान असेल तर सावलीची कड धारदार पडते, मोठा असेल तर ती विरघळत जाते. नाकाची सावली गालावर कुठवर पोहोचते, भुवईखाली डोळा किती बुडतो आणि बुबुळात दिव्याची चमक कुठे उमटते, हे सगळे त्यावरच ठरते, आणि नट जरा हलला की यातले प्रत्येक माप बदलते. समोरून सपाट उजेडात टिपलेल्या चेहऱ्यावर ही हलती सावली नंतर रंगवणे म्हणजे वाचवलेल्या एका तासासाठी अनेक दिवसांचे किचकट काम पत्करणे होय, आणि तरीही ती बहुधा चिकटवल्यासारखीच दिसते. खिडकीबाहेरचे आकाश एकदा पूर्ण पांढरे पडले की तिथे माहितीच उरलेली नसते. मग ग्रेडिंग करणाऱ्याने परत आणायचे तरी काय?

सावली म्हणजे दुष्टपणा या पहिल्या नियमाचे खंडन करायला १९७२चा ‘द गॉडफादर’ एकटा पुरेसा आहे. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी डॉनची, म्हणजे गुन्हेगारी टोळीच्या प्रमुखाची, भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडोच्या जड रंगभूषेला मानवेल असा प्रकाश डोक्यावरून टाकला आणि तीच पद्धत पुढे चित्रपटाची शैली झाली. अशा टॉप लाइटमध्ये डोळ्यांच्या खोबणी अंधारात जातात. माणूस मान वर करतो तेव्हा नजर उजेडात येते, खाली घालतो तेव्हा ती हरवते, आणि त्यामुळे डॉनच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधण्याचे काम प्रेक्षकाच्या अंगावर पडते. शिवाय चित्रपटाच्या सुरुवातीला काळोखातून पुढे येणारा, डोळे सावलीत बुडालेला पहिला चेहरा कोणाचा आहे, हे या नियमकर्त्यांनी एकदा पाहावे. तो मुलीवरच्या अत्याचारासाठी न्याय मागणाऱ्या एका बापाचा चेहरा आहे. त्याच वेळी बाहेर लख्ख उन्हात लग्नाचा जल्लोष चालू आहे आणि त्या उन्हात वावरणाऱ्यांत टोळीतली माणसेही आहेत, म्हणजे उजेड आणि आनंद यांची जोडी लावणारा दुसरा नियमही तिथेच निकालात निघतो. अंधारी खोली भीतिदायक वाटते ती त्या अंगणाच्या शेजारी ठेवल्यामुळे. खालून आलेला प्रकाश चेहऱ्याला विचित्र करतो, एवढे अर्धसत्य या पहिल्या नियमामागे आहे, कारण वरून येणारा उजेड पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय असते. पण शेकोटीभोवती गप्पा मारणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरही उजेड खालूनच पडतो आणि त्यांना कोणी खलनायक समजत नाही.

नैसर्गिक प्रकाशाबद्दलच्या नियमावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसमधल्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. वरच्या आकाशातून झिरपणारा सावलीविरहित उजेड आणण्यासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या माथ्यावर पांढरे कापड ताणले आणि खालून त्यावर दिवे मारून परतलेला प्रकाश वापरला. ज्याला प्रेक्षक नैसर्गिक म्हणतात तो प्रकाश अनेकदा असा मेहनतीने बांधलेला असतो.

राहिला रंगांचा तक्ता, म्हणजे तिसरा नियम. निळा म्हणजे दुःख आणि पिवळा म्हणजे सुख, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. चित्रीकरणात वापरल्या जाणाऱ्या टंगस्टन (तापलेल्या तारेच्या) दिव्याचे रंगतापमान, म्हणजे उजेड किती पिवळसर वा निळसर आहे याचे माप, सुमारे ३२०० केल्विन आणि दिवसाच्या उजेडाचे सुमारे ५६०० केल्विन धरले जाते. कॅमेरा दिव्याशी जुळवला, म्हणजे दिव्याचा उजेड पांढरा दिसेल असा ठेवला, की खिडकी निळी दिसते आणि खिडकीशी जुळवला की तोच दिवा नारिंगी होतो. एकाच खोलीत दिव्याजवळ बसलेले पात्र आणि खिडकीशी उभे असलेले पात्र यांच्यातला दुरावा या फरकातून उत्तम दाखवता येतो. त्या दोघांपैकी दुःखी कोण, हे मात्र प्रसंगावरूनच कळते, तक्त्यावरून नव्हे.