‘२५६ सांगून १२८ ची रॅम दिली’ या शेऱ्याला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एका ताऱ्याचा शेरा वाचला. मुख्य तक्रारी तीन आहेत. वजनकाट्याच्या पीसीसाठी २५६ एमबीची रॅम नेली, ती १२८ च दाखवते आणि ‘चिपवर ०१४२ लिहिलंय, २५६ कुठंच नाही’. जिनिंगच्या ऑफिसातल्या जुन्या पेंटियमसाठी रॅमची ७२ पिनची एक पट्टी मागितली तर दोन गळ्यात मारल्या. आणि त्या पट्ट्यांवर स्टिकर ६० नॅनोसेकंदाचं (आकडा जितका कमी तितकी रॅम वेगवान), चिपवर मात्र ७. शेवटच्या तक्रारीत चूक सरळ आमची आहे. पहिलीत रॅम खरी आहे, पण देताना ‘कोणत्या बोर्डात लावणार?’ हे आम्ही विचारायला पाहिजे होतं, ते विचारलं नाही.

आधी ०१४२. तो आकारही नाही आणि स्पीडही नाही. २००१ सालचा ४२ वा आठवडा, म्हणजे चिप बनल्याची तारीख. कामाचा नंबर दुसऱ्या ओळीत राहतो. अक्षरं पुसट असली तर टॉर्च आडवा धरा, तरी नाही दिसलं तर फळ्यावरचा खडू हलका घासून बोटाने पुसा. खाचेत खडू राहतो आणि नंबर उघडा पडतो. तुमच्या पट्टीवर एमटी४८एलसी३२एम८ए२ आहे. त्यातला ‘३२एम८’ तेवढा वाचा: ३२ मेगा गुणिले ८ बिट, म्हणजे एक चिप २५६ मेगाबिटची. पट्टीवर चिपा ८. बिटांचे बाइट करायला ८ ने भागायचं. ८ × २५६ ÷ ८ = २५६ एमबी. सॅमसंगची असती तर के४एस५६०८३२ दिसलं असतं, त्यात ५६ म्हणजे २५६ मेगाबिट आणि ०८ म्हणजे आठ बिटांची रुंदी. ५६ च्या जागी २८ असेल तर ती १२८ मेगाबिटची. नऊ चिपा दिसल्या तर नववी ईसीसीची, म्हणजे चुका पकडणारी, ती हिशेबात धरू नका.

मग अर्धी गेली कुठे? तुमच्या काट्याचं कार्ड आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं, म्हणून तो पेंटियम टू च्या काळातला बोर्ड तुम्ही बदलू शकत नाही, आणि त्यावर इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट (रॅम सांभाळणारी बोर्डावरची चिप) आहे. ३२एम८ चिपेला रो, म्हणजे आतल्या ओळी, निवडायला १३ अ‍ॅड्रेस लाइन लागतात. बीएक्स १२ च देतो. तेरावी लाइन हललीच नाही तर प्रत्येक चिपेचा अर्धा भाग बोर्डाला दिसतच नाही, आणि २५६ ची १२८ होते. बायोस (पीसी सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) बदलून किंवा पट्टी दुसऱ्या स्लॉटात टाकून हे सुटत नाही. याच बोर्डाला २५६ पूर्ण हवी असेल तर १६एम८ च्या १६ चिपा, आठ पुढून आठ मागून, अशी पट्टी लागते: १६ × १२८ ÷ ८, तेही २५६ च. पण १६ चिपा दिसल्या म्हणजे झालं असंही नाही. ३२एम४ चिपांच्या स्वस्त पट्ट्याही १६ चिपांच्याच राहतात आणि साध्या डेस्कटॉप बोर्डाला त्या बहुतेकदा पचत नाहीत. नंबरात ‘एम’च्या पुढे ८ आहे की ४, ते पाहूनच घ्या.

‘१३३ ची म्हणून दिली, चालते १०० वर’ असंही तुम्ही लिहिलंय. चिपवर -७५ आहे, म्हणजे ७.५ नॅनोसेकंद, १००० ला ७.५ ने भागा, १३३ येतात. बीएक्सचा बस, म्हणजे रॅमशी देवाणघेवाणीचा रस्ताच, १०० मेगाहर्ट्झचा, म्हणून ती १०० वर चालते. त्यात काही बिघडत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: तुमच्या २५६ सारख्या १६८ पिनच्या पट्टीवर -१० म्हणजे १० नॅनोसेकंद, पण जुन्या ३० पिनच्या पट्टीवर तेच -१० म्हणजे १०० नॅनोसेकंद. आकडा एकच, अर्थ दहापट वेगळा.

दोन पट्ट्यांचं थोडक्यात. पेंटियमचा डेटा बस ६४ बिटांचा, ७२ पिनची एक पट्टी ३२ बिटांची. एकावर बहुतेक पेंटियम बोर्ड सुरूच होत नाहीत, जोडी लागतेच. ४८६ असता तर एकीवर भागलं असतं.

आता आमची चूक. त्या पट्ट्यांवर ५११७४०० च्या आठ-आठ चिपा आहेत, ४एम४, म्हणजे एक पट्टी १६ एमबी. तो आकडा बरोबर आहे. पण नंबरापुढे -७ आहे, म्हणजे ७० नॅनोसेकंद. आमचा टेस्टर स्पीड चिपवरून नाही, ६९ आणि ७० नंबरच्या पिनांवरून वाचतो. ७० नॅनोसेकंदाच्या पट्टीत ६९ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली पाहिजे. ६० च्या पट्टीत दोन्ही मोकळ्या. बनवणाऱ्याने तिथला इवलासा जम्पर लावलाच नाही, तर पिन मोकळी राहते आणि टेस्टर ६० सांगतो. तुमच्या दोन्ही पट्ट्यांवर ती जागा रिकामी आहे. टेस्टरने सांगितलं तेच आम्ही स्टिकरवर छापलं. चिपचा नंबर वाचला असता तर हे झालं नसतं.

याचा त्रास कसा दिसतो तेही सांगतो. सुरू होताना मेमरीची मोजणी नीट होते, कारण ती वरवरची तपासणी. दुपारी शेड तापली की चिप अजून सुस्तावते आणि पावती काढतानाच मशीन अडकतं. तोवर बायोसच्या ‘चिपसेट फीचर्स सेटअप’मध्ये डीरॅम टायमिंग (रॅमचा वेग) ६० वरून ७० नॅनोसेकंद करा. मशीन थोडं हळू होईल, पण अडकणार नाही. स्लॉटमध्ये रुईचा तंतू बसला असेल तर तो आधी ब्लोअरने काढा, पट्टीचे पाय खोडरबरने घासा, मगच बसवा. नाहीतर रॅम चांगली असूनही दोष रॅमलाच लागतो.

२५६ ची पट्टी परत आणा, १६एम८ ची १६ चिपांची बदलून देतो, वरचे पैसे नाही. ७० च्या जोडीचं तुम्ही ठरवा: ६० ची जोडी घ्या, नाहीतर ठेवा आणि फरक परत घ्या. ६० ची घेतली तर दोन्ही एकाच जातीच्या देऊ, कारण या रॅमच्या दोन जाती आहेत, नंबर ० ने संपला तर फास्ट पेज आणि ५११७४०५ सारखा ५ ने संपला तर ईडीओ, आणि जोडीत एक-एक चालत नाही. दुकानातून निघण्याआधी नव्या पट्ट्यांवर मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या दोन फेऱ्या तुमच्यासमोर चालवू. त्याला वेळ लागतो, तेव्हा समुद्रपूरहून सकाळच्याच गाडीने या.