बेळगावचा बाजार पार्किंगवाचून मेलेला नाही

बेळगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. सारांश असा: मध्यवर्ती बाजार मरतोय आणि कारण एकच, पार्किंग नाही. खडेबाजार, गणपत गल्ली रुंद करा, फेरीवाले उठवा, बहुमजली पार्किंग बांधा. महापालिकेने मनावर घेतलं तर सहा महिन्यांचं काम, पण नगरसेवक झोपलेत. आणि कॉलेजची मुलं तर बाहेरगावची, एक पैसा कर भरत नाहीत, त्यांनी यात बोलूच नये.

यातलं खरं ते आधी मान्य करू. गणपती-दिवाळीच्या तोंडावर या गल्ल्यांत अग्निशमनाचा बंब शिरणं अवघड आहे, हे कुणीही नाकारू नये. बाकीचं मात्र तपासून घ्यायला हवं.

‘पार्किंगला जागा नाही.’ जागा आहे, ती अडलेली आहे. रस्त्याच्या कडेला एक कार समांतर उभी करायला साधारण साडेपाच मीटर लागतात. सकाळी दहाला लावलेली कार रात्री आठला निघाली, तर त्या जागेने दिवसभरात एकच माणूस आणला, आणि तो बहुतेक वेळा दुकानाचा मालक असतो. त्याच साडेपाच मीटरमध्ये सहा दुचाकी आडव्या बसतात. प्रत्येक तासाभराने हलली, तर दहा तासांत साठ गिऱ्हाइकं.

खात्री करायची असेल तर एका कामाच्या दिवशी एक गल्ली निवडा. दर अर्ध्या तासाला फेरी मारून उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे जागेनुसार लिहा. रात्री तक्ता मांडला की कोणती गाडी किती वेळ हलली नाही, ते दिसतं. लोक फक्त संध्याकाळी सातला मोजतात आणि ‘फुल्ल आहे’ म्हणतात. त्यातून गाड्या किती ते कळतं, पण कुणाच्या ते कळत नाही. दुसरी चोरी तळघरांची. मंजूर नकाशात ‘पार्किंग’, प्रत्यक्षात गोदाम. माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्या इमारतीचा मंजूर नकाशा मागता येतो. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, नाहीतर तेवढ्याच मुद्द्यावर परत येतो.

‘मग बहुमजली बांधा.’ बांधा, पण हिशेब करून. रॅम्प आणि आतली वाट धरून एका कारला सुमारे ३२ चौरस मीटर बांधकाम लागतं. म्हणजे २०० गाड्यांना ६,४०० चौरस मीटर, सोळा गुंठ्यांवर चार पूर्ण मजले. रॅम्पचा चढ दहास एकपेक्षा, म्हणजे दहा मीटरला एक मीटरपेक्षा, तीव्र चालत नाही. तीन मीटर उंच मजल्यासाठी तीस मीटर लांब रॅम्प हवा आणि तोच अरुंद प्लॉटची एक बाजू खातो. फाटकावर चिठ्ठी घ्यायला गाडीमागे वीस सेकंद धरली, तर तासाला १८० गाड्या आत जातात. सहा ते सात दरम्यान २०० आल्या, तर वीस गाड्या बाहेर गल्लीत, म्हणजे सव्वाशे मीटरची रांग. ज्या कोंडीवर उपाय म्हणून इमारत बांधली, ती कोंडी तिच्याच दारात. शिवाय रस्त्यावर लावायला फुकट आणि इमारतीत पैसे, अशी व्यवस्था ठेवली की वरचे मजले रिकामेच राहतात. आधी कडेला वेळेची मर्यादा आणि तासाला जास्त दर, मग इमारत. आपल्याकडे घोडं इथेच पेंड खातं, कारण दर लावायला कुणालाच मतदारांचा रोष नको असतो.

‘सहा महिन्यांत रुंदीकरण.’ हा दावा सगळ्यात कच्चा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात नुसत्या सामाजिक परिणामांच्या अभ्यासालाच सहा महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर प्राथमिक अधिसूचना, हरकतींसाठी ६० दिवस, अधिसूचनेपासून १२ महिन्यांच्या आत घोषणा आणि घोषणेपासून आणखी १२ महिन्यांच्या आत भरपाईचा निवाडा. पैशाचंही बघा. शहरी भागात बाजारभाव अधिक त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. समजा, दोन्ही बाजूंनी आठ-आठ फूट घ्यायचे आणि भाव चौरस फुटाला १५,००० धरला. शंभर फूट लांबीला १,६०० चौरस फूट, म्हणजे २ कोटी ४० लाख, दुप्पट करून ४ कोटी ८० लाख. किलोमीटरभर गेलात की दीडशे कोटींच्या वर, आणि यात बांधकामाची किंमत धरलेलीच नाही. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क, देता येतो, पण तो विकत घ्यायला बिल्डर लागतो. जिथे मूळ एफएआरच, म्हणजे प्लॉटवर मिळणारी बांधकामाची मर्यादाच, पुरती वापरली जात नाही, तिथे टीडीआरला गिऱ्हाईक नसतं. बारा फूट खोल दुकानातले आठ फूट गेले तर उरतं काय? पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू असल्याने भरपाई मालकाची की गाळेधारकाची, हा दावा वेगळाच.

कायदा बाजूला ठेवून घाई केली की काय होतं, ते शहराने पाहिलंय. शहापूरच्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतचा रस्ता रीतसर संपादन न करता खासगी जागेतून नेला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात २० कोटींच्या भरपाईपर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये तयार रस्त्याखालची जागा मालकाला परत देण्याची वेळ आली.

‘महापालिकेने ठरवलं तर.’ कुठली महापालिका? विकास आराखडा बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, त्याचा अध्यक्ष सरकार नेमतं. कॅम्पातले रस्ते कॅन्टोन्मेंट बोर्डाचे, म्हणजे संरक्षण खात्याचे. टिळकवाडीची फाटकं रेल्वेची, खांब आणि ट्रान्सफॉर्मर हेस्कॉम या वीज कंपनीचे. स्मार्ट सिटीची कामं स्वतंत्र कंपनीने केली, तिच्या मंडळावर अधिकाऱ्यांचाच भरणा, आणि ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. सभागृहात ५८ नगरसेवक असले, तरी अंमलबजावणी आयुक्त करतात आणि महापौरपद वर्षाचंच. सप्टेंबर २०२१ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाला पहिला महापौर फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाला. नगरसेवकांना शिव्या घालताना एवढं तरी लक्षात असावं. अर्थात त्यांनाही सोडायचं कारण नाही. चार स्थायी समित्यांपैकी नगररचना समितीत मधल्या बाजाराचा विषय किती वेळा निघाला, हे विचारायला काहीच हरकत नाही. निवडणूक भाषेवर लढायची आणि गटार कोणत्या खात्याचं हे मतदानानंतर शोधायचं, ही इथली जुनी खोड, आणि ती सर्वपक्षीय आहे.

‘फेरीवाले उठवा.’ २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. हलवायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य फेरीवालेच असतात. दुसरं म्हणजे, फुलं, भाजी, केळी घ्यायला आलेलं माणूसच पुढे कापडाच्या दुकानात शिरतं. पट्टा मारून सरळ ओळ राखणं, दुकानाच्या दारापुढची जागा सोडायला लावणं आणि माल उतरवायची वेळ सकाळी नऊच्या आत बांधणं, एवढंच पुष्कळ आहे. टेम्पो दुपारी बाराला गल्लीत उभा असतो, तो फेरीवाल्याचा नसतो.

‘मुलं कर भरत नाहीत.’ घरपट्टी मालक भरतो आणि ती भाड्यातूनच वसूल करतो. महसूल बुडतो तो दुसरीकडे. घर ‘निवासी’ म्हणून दाखवायचं आणि आत बारा कॉटचा पीजी चालवायचा, व्यवसाय परवानाही नाही. स्वयंघोषित करपद्धतीत पत्रक मालकच भरतो, तेव्हा खोटं कुणाचं? मतदानाचं म्हणाल, तर वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या गावी किंवा शिक्षणाच्या गावी, दोन्हीपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येतं. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलायला फॉर्म ८, सोबत कॉलेजचा बोनाफाईड दाखला. महाराष्ट्रातल्या चंदगडचा मुलगा असो की इथल्याच खानापूरचा, नियम तोच.

आणि या मुलांना बाजारात आणायचं, तर पार्किंगचा संबंधच येत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठ शहराबाहेर, व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ मच्छेच्या बाजूला, जीआयटी हे अभियांत्रिकी कॉलेज उद्यमबागेत, केएलई संस्थेच्या कॉलेजांचा पसारा नेहरूनगरात. बहुतेक मुलं बसने येतात, खिशात कारची किल्ली नसते. संध्याकाळी बाजारात उतरलेल्या मुलीला सीबीटीवरून, म्हणजे शहर बसस्थानकावरून, परत जायला आठनंतर बस आहे का, यावर तिची खरेदी ठरते. बस हवी असेल तर वायव्य परिवहन या सरकारी बस महामंडळाच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा. त्यात मार्ग, हवी ती वेळ, त्या मार्गाने येणाऱ्या विद्यार्थ्यांची कॉलेजने दिलेली यादी आणि सध्याच्या शेवटच्या फेरीची वेळ लिहायची. ‘बस वाढवा’ एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो.