सालीच्या फोटोवरून एआय आंब्याचं गाव सांगणार म्हणे

सीझन आला की ग्रुपवर आंब्याचे फॉरवर्ड चालू होतात. यंदाचा असा: "एआय आता माणसासारखं बघतं, आधी आकार ओळखतं मग साल, क्लोजअप काढा, देवगड हापूस की कर्नाटकचा ते कळेल, आत साका असेल तर तोपण." (साका म्हणजे आतून खराब झालेला गर.) आमच्या अर्ध्या वाडीने पुढे ढकललाय, म्हणून लिहितोय.

माणसासारखं बघतं? नाही ओ. त्याला साल दिसत नाही, आकडे दिसतात. १९७३ मध्ये हॅरॅलिक नावाचा संशोधक आणि मंडळींनी संगणकासाठी एक तक्ता काढला, कुठल्या उजेडाच्या पिक्सेलशेजारी कुठला पिक्सेल किती वेळा येतो त्याचा, आणि त्यावरून टेक्स्चरची, म्हणजे पोताची, १४ मापं. गिलावा केलेल्या भिंतीचा फोटो घ्या, शेजारशेजारचे आकडे जवळपास सारखे, जांभ्याच्या चिऱ्याचा घ्या, भोकात काळोख नि कडेला उजेड, आकडे नुसते उड्या मारतात. आता त्याच चिऱ्यावर सकाळचं तिरपं ऊन पडलं की सावल्या लांबतात आणि चिरा तोच असून आकडे वेगळे. आपल्या गवंड्याला कधी असा घोळ होतो का?

आधी आकार ओळखतं, हे तर चक्क उलटं. २०१९ चा जर्मनीतला अभ्यास आहे, मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवली, माणसं म्हणाली मांजर, फोटोंवर शिकलेली एआयची नेटवर्क म्हणाली हत्ती! (बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे उशीवर छापले तरी आमची आजी उशीच म्हणेल.) पण मग त्याच संशोधकांनी टेक्स्चर मुद्दाम बदललेले फोटो देऊन शिकवलं तर ती आकाराकडे वळली, म्हणजे खोट शिकवणीत जास्त.

आणि गाव तेच सांगणार? जात एकच, हापूस. २०१८ चा जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरच्या मातीला आहे, सालीवर छापलेला नाही. देवगडची साल पातळ म्हणतात, पण जाडी फोटोत दिसणार कशी? वर देवगडचे फोटो पेटीतल्या पेंढ्यावर आणि कर्नाटकचे टेबलावर काढून शिकवलंत तर ते आंबा सोडून पेंढा ओळखायला शिकेल, आणि ॲपवाला म्हणणार बघा, बरोबर आलं.

डागी फळं वेगळी काढायला टेक्स्चर कामाचं आहे, ते मान्य. पण साका गरात असतो, जन्म बागेत गेलेल्या माणसालासुद्धा चिरल्याशिवाय कळत नाही, आणि फोटो तर सालीचा काढलाय.