दिवा आधी लागला म्हणजे गुण नव्हे

‘ज्याचा दिवा आधी लागेल त्याला गुण’ हे तलवारबाजीवरच्या लेखातलं वाक्य या खेळाच्या तीन प्रकारांपैकी (एपे, फॉइल, सेबर) फार तर एपेला लागू पडतं, तेही अर्धवट. (वार बसला की यंत्रावर तो मारणाऱ्याचा दिवा लागतो.) एपेमध्ये दोघांचे वार १/२५ सेकंदाच्या आत बसले तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही एकेक गुण मिळतो. फॉइल आणि सेबरमध्ये मात्र दोन्ही दिवे लागले की पंच ठरवणार: हल्ला कुणी सुरू केला, समोरच्याने तो पात्याने अडवून उलट वार केला की नुसतीच तलवार पुढे धरली? हल्ल्याचा हक्क ज्याचा, गुण त्याचा. दोघांनी एकदमच हल्ला चढवला तर कुणालाच नाही.

मी सेबर खेळते. दिवे लागताच दोघीही मूठ उंचावून पंचांकडे वळून ओरडतात, जणू ओरडण्यालाच गुण आहे! आणि फॉइलमधल्या पांढऱ्या दिव्याचा तर लेखात पत्ताच नाही. हातापायावर टोक लागलं की तो लागतो. गुण नाही, पण खेळ तिथेच थांबतो. हक्क असलेल्याचा वार असा भलतीकडे लागला, तर समोरच्याचा धडावर बसलेला प्रतिहल्लाही फुकट. नवख्या प्रेक्षकाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि नेमकं तेच गाळलंय.