सगळ्या काठ्या सारख्याच

गेल्या मंगळवारी प्रोजेक्टर दुरुस्त करायला आलेल्या एका काकांनी माझं दोन आठवड्यांचं काम शिडीवर उभं राहून, दातांत स्क्रूड्रायव्हर धरून मोडीत काढलं. मला अजून राग आहे. काकांचा नाही, म्हणजे थोडा काकांचापण आहे, ते नंतर बघू.

झालं काय, तर सरांना एक साधा आलेख हवा होता. झोप आणि स्मरणशक्ती या विषयावर २००४ ते २०२३ या वर्षांत दरवर्षी किती पेपर, म्हणजे शोधनिबंध, आले. हे हाताने करायचं तर सर्चच्या चौकोनात विषय आणि वर्ष टाकायचं, वर येणारा आकडा वहीत उतरवायचा, असं वीस वेळा. अर्ध्या तासाचं काम. पण मला पायथन ही कोडची भाषा येते (येते म्हणजे किती येते ते पुढे कळेलच), त्यामुळे मी पेपरांच्या डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी शोधली. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, तो आपण इन्स्टॉल करायचा आणि तीन ओळींत हवं ते मागवायचं. कुठला डेटाबेस आणि कुठली लायब्ररी ते सांगत नाही, उद्या परत त्यांच्याच दारात जायचंय. पहिला आठवडा इन्स्टॉल करण्यात गेला, त्याबद्दल बोलायची माझी इच्छा नाही. मग एका संध्याकाळी लूप लावला, म्हणजे तेच काम वीस वर्षांसाठी वीस वेळा कर असं सांगितलं, एंटर मारलं आणि मिनिटभरात निकाल हातात. एरर नाही, वॉर्निंग नाही, लाल अक्षर औषधालासुद्धा नाही. प्रत्येक वर्षी वीस पेपर. एकूण ४००.

आता तुम्ही म्हणाल की एवढा गोल आकडा बघून संशय नाही आला? नाही आला. उलट मला भरून आलं. दुसरा आठवडा मी या आकड्याचा अर्थ लावण्यात घालवला. २००८ची मंदी आली, २०२०ला अख्खं जग बंद पडलं, पण झोपेवर संशोधन करणारी मंडळी आपली दरवर्षी बरोब्बर वीस पेपर काढतायत, एक कमी नाही एक जास्त नाही. स्लाइडचं नाव मी 'संशोधनाचा स्थिर वेग' असं ठेवलं आणि खाली छोट्या अक्षरांत 'क्षेत्राची परिपक्वता' हा शब्दसुद्धा टाकला. हे आता टाईप करताना कान गरम होतायत.

मंगळवारी सेमिनारच्या खोलीतला प्रोजेक्टर हिरवट दाखवत होता म्हणून काकांना बोलावलेलं. ते शिडी लावून वर चढले होते आणि सर म्हणाले, "तू चालू ठेव गं, ते त्यांचं काम करतील." मी स्लाइड लावली. वीस काठ्या, एका ओळीत, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

"ताई, थांबा जरा," वरून आवाज आला. "वरून कापतंय."

"काय कापतंय?"

"चित्र. काठ्यांची डोकी दिसत नाहीत बघा. सगळ्या एका रेषेत तुटल्यात."

मी म्हणलं, "नाही काका, त्या तेवढ्याच आहेत."

"तेवढ्याच कशा असतील?"

"डेटाच तसा आहे."

काकांनी स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढून खिशात ठेवला. मग पडद्याकडे बोट करून एकेक काठी मोजली, मोठ्याने, वीसपर्यंत. खोलीत सर, तीन ज्युनिअर आणि बाहेरून आलेल्या एक मॅडम, सगळे गप्प बसून त्यांचं मोजणं ऐकत होते. "वीस काठ्या," ते म्हणाले, "आणि सगळ्या सारख्या. असं नसतं ताई. आमच्याकडं वीस बल्ब एका खोक्यातून काढले तरी वीस दिवस सारखे नाही चालत."

मग त्यांनी रिमोट घेतला. पहिलं झूम बदललं, तर काठ्या पडद्याबाहेर भिंतीवर गेल्या पण सारख्याच. मग सोळा-नऊचं चार-तीन केलं, तर काठ्या बारीक झाल्या पण सारख्याच. मग कीस्टोन फिरवलं आणि सगळा आलेख तिरका झाला, डावीकडच्या काठ्या बुटक्या, उजवीकडच्या उंच, आणि मिनिटभर का होईना माझ्या विषयात प्रगती दिसायला लागली. ज्युनिअरपैकी एक जण हसला. मी त्याचं तोंड लक्षात ठेवलंय.

"केबलमध्ये नाही," काका खाली उतरत म्हणाले. "तुमच्याकडूनच कापून येतंय." आणि मग माझ्या लॅपटॉपकडे, आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघत, "मागं एका हापिसात असंच झालेलं. कुठलीबी फाईल छापा, एकच पान यायचं. लोक आठवडाभर प्रिंटरला शिव्या घालत होते. आत सेटिंग होती, फक्त पहिलं पान. तुमचं बघा, पहिलंच पान येत असंल."

मी हसले. ते जे आपण शिकलेले लोक हसतो ना, मान थोडी कलती करून, तसं हसले आणि म्हणलं, "काका, हा प्रिंटर नाहीये, एपीआय आहे."

"असंल," काका म्हणाले. "पानं असतात का त्याला?"

असतात. एपीआयला, म्हणजे कोडने डेटा मागायच्या खिडकीला, पानं असतात. त्यालाच पेजिनेशन म्हणतात आणि डॉक्युमेंटेशनमध्ये त्याच्यावर एक अख्खा भाग असतो, जो मी 'हे नंतर वाचू' म्हणून सोडला होता. सर म्हणाले, "उघड बरं." सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर, हिरवट रंगात उघडलं. तिथे स्वच्छ लिहिलेलं, एका वेळी किती निकाल हवेत ते सांगितलं नाही तर पहिले वीस मिळतील. म्हणजे दरवर्षी हजारोंच्या घरात पेपर होते, आणि मी प्रत्येक वर्षाचं पहिलं पान फाडून आणून, ती पानं मोजून, त्याला परिपक्वता म्हणत होते.

बरं, ही काही त्या एकट्या डेटाबेसची खोड नाही. वैद्यकीय पेपरांची यादी ठेवणाऱ्या पबमेडच्या एपीआयला आकडा सांगितला नाही तर तेही वीसच आयडी हातावर ठेवतं. पेपरांना कायमचे क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफचेही वीस. ओपनअ‍ॅलेक्स, तसाच पेपरांचा डेटाबेस, थोडा मोठ्या मनाचा, पंचवीस. कारण मला कळतं हो, सगळ्या जगाने एकदम सगळं मागितलं तर सर्व्हर झोपेल. माझं म्हणणं एवढंच की जाताजाता एक शब्द बोलायचा. 'बाई, अजून आहेत.' दुकानदारसुद्धा माल संपला नसेल तर आत अजून आहे म्हणतो. मी नंतर बघितलं तर आलेल्या उत्तरात अगदी वरती एकूण संख्या लिहिलेली होती, म्हणजे ज्या एका आकड्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो आकडा पहिल्या हाकेलाच आला होता, मी फक्त तो कधी प्रिंट केला नाही. लायब्ररी खालची यादी काढून देत होती आणि मी तिची लांबी मोजत बसले होते. हे वाक्य मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

आणि चूक जेव्हा आवाज करत नाही तेव्हा ती काय करते याचं मोठं उदाहरण आहेच की. जीन्सची, म्हणजे जनुकांची, नावं एक्सेलमध्ये टाकली की 'सेप्ट२'चं २ सप्टेंबर व्हायचं, 'मार्च१'चं १ मार्च. वर्षानुवर्षं छापून आलेल्या पेपरांच्या तक्त्यांत अशा तारखा गेल्या. शेवटी २०२० साली, माणसाच्या जीन्सना नावं देणारी जी समिती आहे, तिने जीन्सचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर तेव्हा जागचं हललं नाही, जनुकाने समजून घेतलं. मला त्या जनुकाबद्दल फार आपुलकी वाटते आजकाल.

असो. मग मी सगळी पानं मागवायला बसले, कारण सर म्हणाले की आता आकड्यांबरोबर तारखा आणि सारांशपण आण. इथून पुढे सभ्यतेचा प्रश्न सुरू होतो. पबमेडला 'की' (आपल्या ओळखीची सांकेतिक अक्षरं) नसेल तर सेकंदाला तीन विनंत्या चालतात, 'की' असेल तर दहा. अर्काइव्हचं (arXiv, छापून यायच्या आधीचे पेपर ठेवायची जागा) उलटं, तिथे दोन विनंत्यांच्या मध्ये तीन सेकंद थांबा म्हणतात. आणि क्रॉसरेफकडे तर चक्क सभ्य लोकांची वेगळी रांग आहे, ते तिला तसंच म्हणतात. विनंतीत आपला ईमेल पत्ता लिहिला की तुम्ही सभ्य. बास, एवढंच. मला ही व्याख्या इतकी आवडली की मी जिथेतिथे ईमेल लिहायला लागले, आणि चार दिवसांनी लक्षात आलं की उदाहरणातून उचललेल्या कोडमध्ये 'तुमचा ईमेल इथे लिहा' हे वाक्य तसंच राहिलंय. म्हणजे चार दिवस मी कुणाच्याच नावाने सभ्य वागत होते.

मग ४२९ आला. ४२९ म्हणजे 'फार वेळा विचारताय'. हा आकडा २०१२ साली इंटरनेटच्या नियमांत अधिकृतपणे आला, त्याआधी लोकांना कसं हाकलायचे कोण जाणे. मी लूपमध्ये दोन सेकंदांची विश्रांती टाकली, मग पाच, मग रात्रभर लावून झोपले. झोप आणि स्मरणशक्तीच्या पेपरांसाठी मी सलग दोन रात्री दर दीड तासाने उठून स्क्रीन बघत होते, आणि सकाळी पासवर्ड आठवत नव्हता. सकाळी बघते तर दहा हजारांवर गाडी थांबलेली. साध्या पानांनी तिथपर्यंतच जाता येतं, पुढे जायचं तर कर्सर वापरा, म्हणजे प्रत्येक पानाच्या शेवटी एक लांबलचक अगम्य अक्षरांची चिठ्ठी मिळते, ती दाखवली की पुढचं पान. सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाने शोधलं असणार हे.

सारांशाचं प्रकरण मात्र मला खरंच लागलं. ओपनअ‍ॅलेक्स हा डेटाबेस फुकट आणि खुला, मायक्रोसॉफ्टचा 'ग्राफ' नावाचा पेपरांचा जुना साठा २०२१च्या शेवटी बंद झाल्यावर २०२२च्या जानेवारीत आलेला, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयावरून नाव ठेवलेला. तिथे पेपरचा सारांश सरळ मिळत नाही. शब्द मिळतात, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कितव्या जागेवर आहे ते आकडे. 'झोप' पुढे ०, १७ आणि ४२. 'आणि' पुढे दहाबारा आकडे. हे सुटं करून परत जोडायचं आपण. कारण कायद्याची अडचण, सरळ वाक्यांत दिलं तर हक्कांचा प्रश्न येतो, त्यामुळे त्यांना मी बोलत नाही. मी शहाणीने प्रत्येक शब्दाची फक्त पहिली जागा घेतली, तेव्हा प्रत्येक शब्द एकदाच आला आणि सगळे सारांश तार आल्यासारखे दिसायला लागले: 'झोप कमी स्मरणशक्ती परिणाम दिसला नाही वृद्ध अधिक अभ्यास गरज'. खोटं कशाला बोला, काही पेपरांचा याने फायदाच झाला.

पण बघा ना. पेपर लिहिणाऱ्याला पेपर लिहायचे पैसे मिळत नाहीत. तपासणाऱ्यालाही नाहीत. बऱ्याच ठिकाणी मागचा पैसा जनतेचा. आणि दोनशे शब्दांचा सारांश, जो त्या जर्नलच्या पानावर कुणीही फुकट वाचू शकतं, तो कोडने मागितला की सुटे शब्द करून द्यावा लागतो, उष्ट्या ताटातली शितं वेचल्यासारखा. २०२०पासून सारांश तरी खुले करा म्हणून प्रकाशकांच्या मागे एक मोहीम लागलेली आहे, काहींनी केले, काही अजून बसलेत. आणि माझ्यासारखी कुणीतरी रात्री तीन वाजता १७ नंबरला 'झोप' चिकटवत बसते.

तर आज पुन्हा सेमिनार होता. या वेळी मी तयारीने गेले. सगळी पानं, सगळी वर्षं, एकूण संख्या पडताळलेली, ईमेल स्वतःचा. काठ्या चढत गेलेल्या, छान उंचसखल. प्रोजेक्टर नीट चालू होता, तरी काका दारात उभे, कुणीतरी त्यांना खुर्चीच्या चाकासाठी बोलावलेलं म्हणे. त्यांनी पडद्याकडे बघून मान हलवली, मला एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही.

मग सर म्हणाले, महिन्यांचा दाखव. मी पुढची स्लाइड लावली. बारा काठ्या. अकरा कमरेएवढ्या आणि जानेवारी थेट वर, शीर्षकात घुसलेली.

"ही एकच का पळाली?" काका म्हणाले.

मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, ज्या पेपरचं फक्त वर्ष माहीत असतं, महिना नाही, त्याला डेटाबेसमध्ये १ जानेवारी ही तारीख देऊन टाकतात. पण तेव्हा मी, मान थोडी कलती करून, म्हणलं, "काका, नवीन वर्षात संशोधक जास्त उत्साही असतात."

काकांनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि शिडी आणायला गेले.